नाला आराखड्यात आला, तो दिवस

आमच्या पंचायतीत ग्रामसभा कशी व्हायची ते आधी सांगते. सकाळी अकराची वेळ. हॉलमध्ये पुढच्या टेबलावर अध्यक्ष, पीडीओ म्हणजे पंचायत विकास अधिकारी आणि सभेवर देखरेखीला आलेले नोडल अधिकारी, समोर मेंबर आणि त्यांची माणसं, मागच्या खुर्च्या रिकाम्या. तासाभरात पुढच्या वर्षाच्या कामांचा आराखडा वाचून व्हायचा आणि मग हजेरीचं बुक गल्लीगल्लीतून फिरायचं. संध्याकाळी कुणीतरी दारात येऊन म्हणायचं, "वैनी, हितं एक सही करा." कशाची सही, हे विचारायला चुलीवरची भाकरी टाकून कोण बाहेर येणार?

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका पंचायतीत कायक मित्र आहे. रोजगार हमीच्या कामाला माणसं जमवायची, नमुना 6 म्हणजे काम मागायचा अर्ज भरून घ्यायचा, एन.एम.आर. म्हणजे हजेरीपट निघाला की कामावर जाऊन हजेरी आणि फोटो घ्यायचे, मजुरी अडकली तर पंचायतीत पाठपुरावा करायचा, हे माझं काम. कर्नाटकात हे काम बायकांनाच देतात आणि ते बरोबर आहे. आमच्याकडे या कामावर येणाऱ्यांत बायकाच जास्त. पुरुष गवंडीकामाला नाहीतर गोव्याला.

2024 चा डिसेंबर होता. सुगी संपली होती, मळण्या उरकल्या होत्या. डोंगराच्या उतारावर पाणी मुरवायचे चर मारायचं काम सुरू होतं. रोज 349 रुपये, पण ठरलेलं माप पूर्ण झालं तरच. हजेरीचे फोटो दिवसातून दोनदा, सकाळी एक आणि चार तासांनी दुसरा. दुसरा फोटो राहिला तर दिवस बुडाला. रेंज नसते म्हणून मी मोबाईल घेऊन वरच्या पठारावर जाते, तिथून फोटो चढवते.

त्या आठवड्यात पंचायतीच्या बोर्डावर नोटीस लागली. पुढच्या वर्षाच्या कामांची ग्रामसभा, सकाळी अकरा वाजता, कामाच्याच दिवशी. मी ती वाचली आणि कामावर सगळ्यांना सांगितली. आमच्या कायद्यात ग्रामसभेला शंभर माणसं किंवा मतदारांचा दहावा हिस्सा, यात जे कमी असेल तेवढी हजेरी लागते आणि आलेल्यांत तीस टक्के बायका असाव्यात असं म्हटलंय. पण बायका अकरा वाजता असतात कुठं? चरात. सभेला गेलं तर 349 रुपयांवर पाणी. म्हणजे जिच्यासाठी आराखडा करायचा तिला तिथं यायचं तर स्वतःची मजुरी मोजावी लागते. ज्यानं ही वेळ ठरवली त्याला हे कळत नसेल असं मला वाटत नाही.

आमच्या बायकांना एकाच गोष्टीची तळमळ होती. डोंगरातून उतरणारा नाला तळ्याच्या सांडव्याखालून शिवारात येतो. 2019 च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा त्याचा काठ फुटला, तो तसाच राहिला. पात्र गाळानं आणि झुडपांनी भरलं होतं. जुलैत रोप लावून होतं न होतं तोच पाणी शेतात शिरायचं आणि आठवडाभर हटायचं नाही. लावलेलं रोप कुजायचं, मग पुन्हा बी, पुन्हा रोपांचा तरू, पुन्हा लावण. ज्याचं एकरभरच भात आहे त्याला हे कसं परवडणार? हा नाला साफ करा म्हणून अर्ज झाले, तोंडी सांगून झालं. आराखड्यात मात्र दर वर्षी सिमेंटची गटार.

याचं कारण मला या कामावर आल्यावर समजलं. रोजगार हमीत मजुरी किमान साठ टक्के आणि साहित्य जास्तीत जास्त चाळीस टक्के असा हिशेब होता. गटारीला सिमेंट, वाळू, खडी लागते, म्हणजे साहित्याचं बिल निघतं आणि ते पुरवणाऱ्याच्या हातात जातं. नाल्यातला गाळ काढायला कुदळ, खोरं आणि बुट्टी पुरते. तिथला पैसा थेट मजुरांच्या खात्यावर. ठेकेदाराला नाल्यात काहीच नाही, म्हणून नाला कुणाच्या तोंडात येत नाही. गटार नको असं मी म्हणत नाही. पण गटार झालेल्या गल्लीतच पुन्हा गटार कशाला?

सभेच्या दिवशी सकाळचा फोटो काढला तेव्हा एक आत्या म्हणाल्या, "चला गे, जाऊन तर बघूया." बाकीच्या गप्प. दिवस बुडाला तर? मी सांगितलं, दुपारच्या फोटोआधी परत येऊ आणि माप संध्याकाळी उशिरापर्यंत पुरं करू. मग सगळ्याच निघाल्या. खोऱ्या-बुट्ट्या हॉलच्या भिंतीला टेकवल्या आणि आत जाऊन बसल्या. खुर्च्या पुरल्या नाहीत, तेव्हा खाली फरशीवर. पुढच्या रांगेतल्या माणसांनी मागं वळून बघितलं.

आराखडा कन्नडमधून वाचायला सुरुवात झाली. आमच्या गावात बहुतेक सगळे मराठी. एक पोरगा उठला, "मराठीतून वाचा." लगेच एका मेंबरनं आवाज चढवला, "हे कर्नाटक आहे." सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे कार्यकर्ते उभे राहिले, राष्ट्रीय पक्षांचे उभे राहिले, कोण कुणाला कधी विकला गेला तिथपर्यंत भांडण गेलं.

माझं मत इथं स्पष्ट सांगते. माझे सासरे समितीच्या मोर्चात लाठ्या खाल्लेले आहेत, 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला आमच्या घरात आजही कुणी कामाला जात नाही. 1956 ला आमचा मराठी भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात घातला, ते अन्यायाचं होतं आणि 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या महाराष्ट्राच्या दाव्याचा निकाल आपल्या बाजूनं लागावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. मराठीतून कागद मागणं हा आमचा हक्क आहे. पण समितीत फाटाफूट झाली, 2013 ला दोन आमदार निवडून आले होते, 2018 आणि 2023 ला एकही नाही. हे सगळं भांडण ग्रामसभेत उतरतं आणि त्या गोंधळात आराखडा मंजूर होतो. दोन्ही बाजूचे पुढारी भांडून घरी जातात, गटार ज्याला पाहिजे त्याला मिळते. हे मी बघत आले आहे आणि त्याचा मला फार राग येतो.

त्या दिवशीही तेच होणार होतं. तेवढ्यात आत्या उठल्या. सत्तरीच्या आहेत, आवाज खणखणीत. त्या पोराला म्हणाल्या, "तू मराठी मागतोस ते बरोबर हाय बाळा. पण उठलास तर नाल्याचं पण इचार की. तुझ्या बाऽचं शेत बी त्यातच बुडतंय नव्हं?" आणि पीडीओंकडे वळून, "सायेब, आमची मजुरी बुडवून आलोय आमी. नाला हाय का न्हाई तेवढं सांगा."

पीडीओ धारवाडकडचे, पण मराठी समजतं, बोलतातही. त्यांनी कागद पुन्हा पहिल्यापासून घेतला आणि एकेक काम मराठीतून सांगितलं. नाला नव्हता. वरच्या गल्लीची गटार होती. मी उठले. माझ्यासारखीनं सभेत उठून बोलणं पंचायतीला आवडत नाही, कारण माझं मानधन तिथूनच येतं. तरी विचारलं, या कामात मजुरी किती आणि साहित्य किती? उत्तर मिळालं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "बायकांना यातलं काय कळतंय." त्यावर ज्या बायका उठल्या, त्यांत तोपर्यंत सभेत कधी तोंड न उघडलेल्या होत्या. कुणाचं किती रोप कुजलं, बी किती रुपयांचं आणलं, लावणीला माणसं दुसऱ्यांदा कुठून मिळवली, एकेकीनं हिशेब मांडला. कागद कुणाच्याच हातात नव्हता, सगळं तोंडपाठ. नोडल अधिकारी लिहून घेत होते.

शेवटी हात वर करायला सांगितलं. नाल्याला हॉल भरून हात आले, त्यात भांडणाऱ्या दोन्ही बाजूंचे पुरुषही होते. गटार यादीत खाली गेली.

आम्ही तेवढ्यावर उठलो नाही. ठराव बुकात लिहा आणि वाचून दाखवा, मग सही. पीडीओंनी सर्व्हे नंबर घालून, सांडव्यापासून जंगलाच्या हद्दीपर्यंत असं नीट लिहिलं आणि मराठीतून वाचून दाखवलं. हाताची तांबडी माती पदराला पुसून आत्यांनी अंगठा लावला. हजेरीचं बुक हॉलमध्येच भरलं.

परत चरावर पोचलो तेव्हा दुपारच्या फोटोची वेळ होत आली होती. ऊन उतरेपर्यंत बायका खोदत होत्या, पण माप पूर्ण केलं. कुणाचा रोज कापला गेला नाही.

त्याच महिन्यात बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखालच्या 1924 च्या अधिवेशनाच्या शताब्दीची रोषणाई होती. गावातली बरीच माणसं बघायला गेली, मीही गेले. ज्या योजनेवर आमची मजुरी चालायची तिला त्यांचंच नाव होतं, आमच्या पंचायत कायद्याच्या नावात ग्राम स्वराज हा शब्द. त्या दिव्यांखाली उभी असताना माझ्या मनात हॉलमधली ती फरशीवरची बैठकच होती.

नाल्याचं काम पुढच्या उन्हाळ्यात सुरू झालं. इंजिनिअरनं माप दिलं, सांडव्यापासूनचा मोठा भाग साफ झाला, फुटलेल्या काठावर मातीचा बांध घातला. पावसात त्या भागातली शेतं वाचली. जंगलाच्या हद्दीला लागून असलेला वरचा तुकडा मात्र राहिला, कारण तिथं कुदळ लावायची तर वनखात्याची परवानगी लागते. तो अर्ज दिलाय, पोच माझ्याकडे आहे. दुसरा अर्ज पंचायतीला दिलाय: ग्रामसभा कामाच्या दिवशी सकाळी नको, रविवारी किंवा संध्याकाळी पाचनंतर घ्या. त्यावर सगळ्या बायकांच्या सह्या आहेत, आणि या सह्या कुणी दारोदार फिरून घेतलेल्या नाहीत.