आज्जाचं दप्तर

खानापूर, रविवार, आषाढ.

चार दिवस पावसानं उसंत दिली नाही. आज दुपारी जरा उघडीप मिळाली तसं बाबांच्या आज्जाचं दप्तर काढलं. तांबड्या खारव्यात बांधलेले मोडी लिपीतले बारा कागद. गाठ सोडली की आधी कुबट वास येतो, मग कडुनिंबाचा. पाल्याचा आता चुरा झालाय, आणि तो जिथं कागदाला टेकला होता तिथं तपकिरी डाग पडलेत. पुढच्या वेळी पाला कापडाच्या बाहेर.

बाबा दारातून म्हणाले, "काय करूलास रे? उन्हात घाल की जरा."

उन्हानं कागद कडक होतो, पिवळा पडतो. म्हणून सुती धोतर अंथरून आतल्या खोलीतच, मंद पंख्याखाली. मऊ ब्रशनं मधून कडेकडे धूळ काढली. एक कागद घडीवर फाटलाय. अशा वेळी हात सेलोटेपकडे जातो, पण टेपचा चिकट थर कागदात मुरतो आणि डाग कायमचा राहतो. जाणकार लोक गव्हाच्या खळीनं पातळ जपानी कागद लावतात, कारण खळ पुढे कधी काढायची झाली तर ओलाव्यानं सुटते. पण ही शाई काजळाची वाटते, पाणी लागलं तर पसरेल. मी धीर केला नाही. दोन्ही तुकडे कोऱ्या पाकिटात ठेवून दिले.

बारावा कागद मात्र माझ्याच हातून गेला. शके १८२१ चं, म्हणजे १८९९ च्या सुमाराचं खरेदीखत. सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणून तीन वर्षांपूर्वी मीच तो लॅमिनेट करून आणला. तापलेल्या रुळांतून जाताना मधोमध फुगा आला. आता प्लास्टिक काढायला जावं तर शाईसकट कागद सोलून निघेल. रोज दिसतं, रोज जीव हळहळतो.

संध्याकाळी गल्लीतले मास्तर आले. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, म्हणून खरेदीखतातल्या त्याच शेताचा आजचा उतारा कन्नडमध्ये आहे. बाबा तो घडाघडा वाचतात, पण आपल्या आज्जाचं खत त्यांना वाचता येत नाही, मलाही नाही. मास्तरांनी प्लास्टिक दिव्याखाली तिरकं धरलं. आधी आखून घेतलेल्या रेघेखाली लेखणी न उचलता लिहिलेल्या ओळी. बोट वरूनच फिरवत ते वाचू लागले, "उगवतीस ओहोळ... दक्षिणेस गाडीवाट... मावळतीस..." आणि थांबले. तिथंच तो फुगा. चकाकीत अक्षर लागेना. दिवा इकडे घेतला, तिकडे घेतला.

"आंबा," बाबा भिंतीला टेकूनच म्हणाले. "मावळतीस खोबऱ्या आंबा. आज्जा बांधावर उभं करून दाखवायचा मला."

तो आंबा मी कधी पाहिला नाही. वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं तेवढं लिहून घेतलं, आणि चिठ्ठी दप्तरात ठेवली.