भंडारदऱ्याची पावसाळी फेरी आणि डिझेलमधलं पाणी

पावसाळ्यात डिझेल फोर बाय फोर घेऊन मुंबईहून भंडारदऱ्याला निघणाऱ्यांसाठी हे लिहितोय. धबधबे, मुक्काम, जेवण यांची माहिती कुठेही मिळते. टाकीत शिरणाऱ्या पाण्याबद्दल मात्र फारसं कोणी सांगत नाही, आणि आमच्या जुलैमधल्या फेरीत सगळ्यात मोठा प्रश्न तोच झाला.

दोन गाड्या होत्या. एक आमची आणि एक भावोजींची, दोन्ही डिझेल, दोन्ही बीएस 6, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या. मुलुंडहून पहाटे निघालो. समृद्धीचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला, त्यामुळे कसारा घाट टाळता येतो आणि वेळही वाचतो. आम्हाला शहापूरहून मावशींना घ्यायचं होतं म्हणून जुन्या हायवेने गेलो. वाशिंद ते आसनगाव पट्ट्यात गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. भावोजींच्या गाडीचा काटा तिथेच खाली येऊ लागला. घाट चढून, घोटीला हायवे सोडल्यावर लागलेल्या एका छोट्या पंपावर त्यांनी डिझेल भरलं. रात्रभर पाऊस झालेला. जमिनीखालच्या टाक्यांच्या झाकणांभोवती पाणी साचलेलं स्पष्ट दिसत होतं.

कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव मागे पडलं आणि भावोजींची गाडी चढावर पिकअप घेईना. पाठोपाठ डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, फिल्टरचं चित्र आणि त्याखाली थेंब. आमचा मुक्काम धरणाजवळच्या शेंडी गावात होता. भावोजी म्हणाले, “शेंडी आलंच की. हॉटेलवर पोहोचू, मग बघू.” मी त्यांना तिथेच गाडी बाजूला घ्यायला लावली. या दिव्यानंतर गाडी पुढे न्यायची नसते, मग मुक्काम समोर दिसत असला तरी.

कारण असं. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते फिल्टरच्या तळाशी वॉटर सेपरेटरच्या भांड्यात साठतं. पाण्यातून वीज वाहते, डिझेलमधून जवळपास नाही. पाणी सेन्सरच्या टोकांपर्यंत चढलं की दिवा लागतो. दिवा लागला म्हणजे भांडं भरत आलं. त्यानंतर येणारं पाणी थेट हायप्रेशर पंपाकडे जातं. आजच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे जिथे ‘रेल’ नावाच्या एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरांना (डिझेल फवारणाऱ्या भागांना) डिझेल मिळतं तिथे, हा पंप 1600 ते 2000 बारपर्यंत दाब तयार करतो, आणि त्याच्या आतल्या भागांना वंगण म्हणून फक्त डिझेलच असतं. तिथे पाणी पोहोचलं की धातूवर धातू घासतो आणि त्याचा बारीक चुरा इंजेक्टरांत जातो. इंजेक्टरमधल्या फटी काही मायक्रॉनच्याच. शिवाय गरम नोझलच्या टोकाशी पाण्याची वाफ झाली की टोकच तडकू शकतं. पंप, रेल आणि इंजेक्टर सगळं बदलायची वेळ आली तर खर्च लाखांत जातो, आणि खराब इंधनाने झालेलं नुकसान वॉरंटीत बहुधा धरत नाहीत. मेकॅनिकल पंपाच्या जुन्या जीपगाड्या थोडं पाणी पचवून, एअर (डिझेलच्या नळीत अडकलेली हवा) काढली की पुन्हा चालायच्या. त्या आठवणीवर विसंबून आजची गाडी हाकू नये.

रस्त्याकडेला काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण हे काम कोणालाही करता येतं. इंजिन बंद करून थोडं निवू दिलं. पाण्याची एक लिटरची पारदर्शक बाटली कापून फिल्टरखाली धरली. तळाचा ड्रेन स्क्रू एक-दोन आटे सैल केला. पूर्ण काढायचा नाही, सील चिखलात पडलं तर संपलं. हँड प्रायमर (डिझेल पुढे ढकलणारा हातपंप) दाबत राहिलो तसं आधी गढूळ पाणी आलं, मग पाणी-डिझेल मिसळून, मग निव्वळ डिझेल. स्क्रू बंद केला. किल्ली फक्त ‘ऑन’पर्यंत फिरवून थोडं थांबायचं आणि बंद करायची, असं काही वेळा केलं, म्हणजे एअर निघते. त्यानंतरच सेल मारला. दिवा गेला, इंजिन शांत चाललं.

बाटली बॉनेटवर ठेवून पाहिली तर खाली पाण्याचा जाड थर आणि वर डिझेल, मधली रेघ स्वच्छ दिसत होती. हे बघितल्यावर भावोजींनीच गाडी पुढे न्यायचा विचार सोडला. एवढं पाणी फिल्टरपर्यंत आलंय म्हणजे टाकीच्या तळाशी आणखी असणार, आणि पुढच्या वळणांवर ते हिंदकळून पुन्हा येणार. तसंच झालं. इंजिन चालू ठेवून बघत होतो तेवढ्यात दिवा परत लागला. लगेच बंद.

इथे माझा ठाम नियम आहे. एकदा निचरा करून दिवा गेला आणि गेलेलाच राहिला, तर जवळच्या गॅरेजपर्यंत सावकाश जावं. दिवा पुन्हा आला तर सेलसुद्धा मारायचा नाही. आम्ही फ्लॅटबेड मागवली, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारी गाडी. फोर बाय फोर दोरीने टोचन करून किंवा दोन चाकं जमिनीवर ठेवून ओढत नेऊ नये. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग) आणि गिअरबॉक्सचं नुकसान होतं. बारीच्या पुढे मोबाइलची रेंज भरवशाची नव्हती, म्हणून विमा कंपनीचा रोडसाइड नंबर फोनमध्ये सेव्ह असला तरी कागदावरही लिहून ठेवा. नाशिकच्या गॅरेजमध्ये टाकी उतरवून धुतली, लाइन साफ केली, फिल्टर बदलला. इंजेक्टर वाचले. मावशी आणि मुलं आमच्या गाडीतून शेंडीला आधीच पोहोचली होती.

भंडारदऱ्याबद्दल थोडक्यात. घाटघरच्या रस्त्यावर धुकं दाट, रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर पावसात फार सुंदर, सांदण दरीत पावसाळ्यात उतरू नका.

आता पुढे जाणाऱ्यांसाठी खरी गोष्ट, म्हणजे पाणी टाकीत येऊच नये यासाठी काय करायचं. अर्ध्या रिकाम्या टाकीत दव धरून पाणी होतं असं नेहमी सांगतात. ते खरं आहे, पण रोज फिरणाऱ्या गाडीत त्याचं प्रमाण थोडं. महिनोन्‌महिने उभी असलेली गाडी असेल तरच त्याची काळजी करा आणि टाकी भरून ठेवा. तिथे पाणी राहिलं की डिझेल-पाण्याच्या सीमेवर जिवाणू आणि बुरशी वाढून काळा चिकट गाळ होतो. मोठं संकट येतं ते पंपाच्या भूमिगत टाकीतून, आणि तेही मुसळधार पावसानंतर. जून 2025 मध्ये मध्य प्रदेशात रतलामला मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या 19 गाड्या एका पंपावर डिझेल भरल्यावर बंद पडल्या आणि तो पंप सील झाला. ताफ्याच्या गाड्यांवर ही वेळ येते, तर घाटातल्या एकट्या गाडीने जास्तच जपावं.

म्हणून ठाणे-भिवंडी सोडण्याआधी, जिथे ट्रकची रांग असते अशा मोठ्या खपाच्या पंपावर टाकी पूर्ण भरा. मुलुंड ते भंडारदरा आणि परत एका टाकीत आरामात होतं. मुंबईत हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे अशा तुंबणाऱ्या भागांतल्या पंपांवर पूर ओसरल्या ओसरल्या डिझेल घेऊ नका, एक-दोन दिवस जाऊ द्या. पंपावर टँकर खाली होत असेल तर पुढे जा. टाकीतला तळाचा गाळ आणि पाणी त्या वेळी ढवळलं जातं. शंका आली तर पंपवाल्याला भूमिगत टाकीत वॉटर पेस्ट लावून डिप रॉड (पातळी मोजायची पट्टी) टाकायला सांगा. पाणी असेल तेवढ्या उंचीपर्यंत पेस्टचा रंग बदलतो. घनताही तपासून मागा. मोजून 15 अंश सेल्सिअसच्या हिशोबात बदललेली घनता पंपाच्या नोंदीतल्या आकड्यापेक्षा 3 किलो प्रति घनमीटरहून जास्त फरकाची नसावी. फिल्टर पेपरवर थेंब टाकायची चाचणी पेट्रोलसाठी आहे, डिझेलला तिचा उपयोग नाही.

वाडीवस्तीवर कॅनमधून डिझेल घ्यायची वेळ आलीच, तर कॅन रात्रभर स्थिर ठेवा आणि तळचं दोन-तीन बोटं डिझेल ओतू नका. ज्यांच्या गाडीत निळ्या झाकणाची डीईएफची (धुरातलं प्रदूषण कमी करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची) टाकी आहे त्यांनी भरताना स्वतः उतरून उभं राहावं. डीईएफमध्ये दोन-तृतीयांश पाणीच असतं. ते चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर किल्ली ‘ऑन’सुद्धा करू नका, कारण तेवढ्यानेच आतला इलेक्ट्रिक पंप ते पुढे ढकलू लागतो.

ओढ्यातून गाडी घालणाऱ्यांनी टाकीच्या ब्रीदरची (हवा आत-बाहेर जाण्याची) नळी कुठे उघडते ते आधीच बघून ठेवा. गरम टाकी थंड पाण्यात बुडली की आतली हवा आकसते आणि नळीतून पाणी ओढलं जातं.

बाजारात मिळणाऱ्या औषधांबद्दल माझं मत वाईट आहे. पाणी डिझेलमध्ये ‘विरघळवून’ टाकतो म्हणणारं औषध घालू नका. तसं मिसळलेलं पाणी सेपरेटरला वेगळं करता येत नाही आणि ते पंपाकडे जातं. आपल्याला उलट हवं असतं, पाणी वेगळं होऊन तळाशी बसायला हवं. त्या पैशात कंपनीचा एक जादा फिल्टर सीलसकट गाडीत ठेवा. सोबत ड्रेन स्क्रूच्या मापाचा पाना, हातमोजे, पारदर्शक बाटली आणि काढलेलं डिझेल परत नेण्यासाठी घट्ट झाकणाचा डबा. ते धरणाचं पाणलोट आहे, ओढ्याकडेला एक थेंबही सांडू नये.

घरी असताना एकदा कोरड्या दिवशी निचरा करून बघा. काही गाड्यांत स्क्रू वरून हाताला येतो, काहींत खालचं कव्हर काढावं लागतं, आणि हे घाटात पावसात कळून उपयोग नाही.

डिझेलचं छापील बिल कायम घ्या. त्यावर वेळ आणि नोझलचा नंबर असतो, बऱ्याच ठिकाणी घनताही. भावोजींनी बिल जपलं होतं, म्हणून पंपाच्या तक्रारवहीत आणि तेल कंपनीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी नेमकी तक्रार करता आली. गॅरेजकडून टाकीत किती पाणी निघालं ते लेखी घ्या आणि जुना फिल्टर टाकून देऊ नका. टाकी धुतल्यानंतरही पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा निचरा करून बघायला मेकॅनिकने सांगितलं. भावोजींच्या गाडीत तेव्हाही चमचाभर पाणी निघालं, नंतर नाही.