चढावर ऊब, उतारावर गारठा

जुन्या कॅम्पर व्हॅनमध्ये, म्हणजे आत झोपायची सोय असलेल्या गाडीत, हिवाळ्यातली रात्र काढली, की थंडी आधी काचेवर दिसते, आणि तीही आतल्या बाजूने. झोपलेल्यांच्या श्वासातली वाफ काचेवर गोठते. बाहेरचा बर्फ खरवडता येतो. आतला थर मात्र उबेनेच जातो, आणि ती ऊब मिळवायची कुठून, हा खरा प्रश्न असतो.

१९५० पासून बनू लागलेल्या फोक्सवॅगन टाइप २ या व्हॅनच्या जुन्या गाड्यांत इंजिन मागे असते आणि ते हवेवर थंड होते. इंजिनाच्या पंख्याने ढकललेली हवा एक्झॉस्टभोवतीच्या (धूर बाहेर सोडणाऱ्या तापलेल्या नळीभोवतीच्या) पत्र्याच्या कप्प्यात तापते आणि गाडीच्या पोटाखालून लांबचा प्रवास करून पुढच्या काचेशी येते, तेव्हा ती पोळलेल्या बोटावर घालावी तेवढीच फुंकर उरलेली असते. शिवाय हा पंखा इंजिनाबरोबरच फिरत असल्यामुळे ऊब हवी तर इंजिन पळायला हवे, आणि बर्फावर तर गाडी हळूच न्यायला हवी. दोघांची तडजोड होते ती खालच्या गिअरमध्ये.

चढावर ही तडजोड झकास जमते. इंजिनाचे ओझे मागच्या चाकांवर असते आणि गाडीला ओढणारी चाकेही तीच, त्यामुळे पकड चांगली मिळते. राबणारे इंजिन ऊबही सढळ हाताने देते. (हिवाळी टायर मात्र हवेतच, कारण साधे रबर थंडीत कडक होते.) उतार लागला की चित्र पालटते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच एक्झॉस्ट निवू लागतो, पंखा गार हवा पायांवर सोडतो, आणि पुढचा भाग हलका असल्याने स्टिअरिंग वळवले तरी चाके क्षणभर सरळच घसरतात. बोटे बधिर होऊ लागतात ती नेमकी नाजूक हातांनी गाडी सांभाळायच्या वेळी. तरीही दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला शक्यतो न शिवता, संथपणे खाली उतरण्यात मला जी मजा वाटते, ती कोरड्या रस्त्यावर कधी वाटत नाही.

या उबेचा खरा वैरी म्हणजे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेले मीठ. एक्झॉस्टभोवतीचे ते कप्पे गंजून त्यांना भोके पडली, की उबेबरोबर इंजिनाचा विषारी धूरही आत येऊ शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. म्हणून प्रवासाहून परतल्यावर मी गाडीचे पोट भरपूर पाण्याने धुतो, कप्पे तपासून घेतो आणि तो वायू ओळखणारा अलार्म गाडीत बारा महिने चालू ठेवतो.