लिंबू फुलपाखरू, बॅच ३: कोष का पडतात ते सापडलं

मुलांसोबत अळ्या पाळून फुलपाखरं करण्याची ही तिसरी खेप. सातपैकी पाच फुलपाखरं नीट उडाली. दोघांचे पंख चुरगळलेलेच वाळले आणि त्या दोघांचेही कोष खाली पडलेले होते. बॅच १ आणि २ मध्येही पडलेल्या कोषांची हीच गत झाली होती.

मूळ कारण झाकणाचं कापड. कात टाकत वाढणारी अळी पाचव्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेच्या अखेरीस खाणं थांबवते, एकदा पातळ, ओली विष्ठा टाकते आणि जागा शोधत फिरते. तोवर बरणीतल्या डहाळीचा खराटा झालेला असतो, म्हणून ती सरळ कापडावर चढते. तिथे शेपटाखाली रेशमाची गादी आणि कमरेभोवती रेशमाचा धागा, एवढ्यावर कोष टेकतो. मुलं बरणी साफ करायला कापड काढतात, ते दुमडतं आणि धागा तुटतो. रुईवर वाढणाऱ्या ‘बिबळ्या कडवा’ या दुसऱ्या फुलपाखराचा कोष नुसता शेपटावर उलटा लटकतो, त्यामुळे त्या बॅचला हा त्रास झाला नव्हता.

आता ओली विष्ठा दिसली की अळी जाळीच्या लॉन्ड्री बास्केटमध्ये हलवायची. आत वाळूच्या वाटीत पेन्सिलीएवढ्या जाड चार काड्या तिरप्या रोवायच्या. त्यानंतर दोन दिवस हात लावायचा नाही. मुलांनी सकाळ-संध्याकाळ फक्त चित्र काढायचं. (महागड्या ‘बटरफ्लाय केज’ची गरज नाही. ही बास्केट धुता येते, घडीही होते.)

तरीही कोष पडला तर कागदी कोन. कोष कडक व्हायला एक दिवस द्यायचा, मग शेपूट खाली, डोकं कोनाच्या काठाबाहेर असा अलगद ठेवायचा. या वेळी चूक कागदाची झाली: कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदावर फुलपाखराचे पाय घसरले, त्याला लटकता आलं नाही. पंखांत द्रव भरायला पंधरा-वीस मिनिटंच लागतात. तेवढ्यात पंख खाली मोकळे सुटले नाहीत तर ते तसेच वाळतात. वह्यांना घालतो त्या खाकी कागदाची खरखरीत बाजू आत घेऊन, कोन जाळीला चिकटवून, तळापासून १५ सेंटिमीटर वर ठेवला आणि शेवटचा पडलेला कोष वाचला. आदल्या दिवशी तो काळपट झाला, आतून पिवळे ठिपके दिसू लागले. सकाळी फुलपाखरू काठावरून थेट जाळीवर चढलं. फार समाधान वाटलं! बाहेर आल्यावर पडणारा रंगीत द्रव म्हणजे रक्त नव्हे, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

अळीला खायला कढीपत्ता बाजारचा नकोच. मुळांतून भिनलेलं कीटकनाशक धुऊन जात नाही. नर्सरीचं रोपही निदान महिनाभर घरी ठेवून, नवी फूट आल्यावरच वापरा. लिंबावर वाढलेली अळी कढीपत्त्यावर टाकली तर ती बऱ्याचदा तोंड लावत नाही, म्हणून अंडं ज्या झाडावर मिळालं तेच शेवटपर्यंत.

दुसरीच्या मुलांसाठी लेंड्या मोजणं उत्तम चाललंय. खाली पांढरा कागद, २४ तासांनी दहा-दहाचे गट, आणि शेजारी दोऱ्याने मापलेली अळीची लांबी.

बॅच ४ मध्ये हवामानाचा तक्ता करायचा होता, पण काड्या रोवताना वेगळंच सुचलं. दोन काड्या हिरव्या, गुळगुळीत आणि दोन वाळक्या, खरबरीत ठेवल्या तर? याच जातीत कोष कधी हिरवा, कधी तपकिरी होतो आणि त्यात जागेचा वाटा असतो. तक्ता मागे पडला. मुलं आधी अंदाज लिहितील. कुंडीतल्या लिंबाच्या कोवळ्या पानांवर मोहरीएवढी, फिकट पिवळी आठ अंडी आजच मिळाली आहेत.