रेकीला गेले आणि घोरले

मार्च एंड संपून दोन आठवडे झाले, तरी मान आखडलेलीच. शेवटी शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "एकदा रेकी घेऊन तर बघा, अंगावर नुसते हात ठेवून करतात तो उपचार." आज सुट्टी होती, गेले त्यांच्यासोबत जुळे सोलापुरात एका ताईंकडे. बाहेर उन्हाचा नुसता जाळ, आत कूलरची घरघर, पलंगावर आपली सोलापुरी चादर. निम्मं बरं तर तिथेच वाटलं.

घड्याळ, चष्मा काढून उताणी झोपले. ताईंनी डोळ्यांवर अलगद तळहात ठेवले, मग कानांवर, गळ्यापाशी, पोटावर. चोळणं नाही, दाबणं नाही. एकेका जागी तीन-चार मिनिटं, हात नुसते उबदार. पोटाच्या पुढचं आठवत नाही, कारण मी घोरत होते. (वहिनींकडे व्हिडिओ आहे. डिलीट करत नाहीयेत.)

नंतर सरबत पिताना कळलं, हे जपानच्या मिकाओ उसुईंनी १९२२ च्या सुमारास सुरू केलं. क्योतोजवळच्या कुरामा डोंगरावर २१ दिवस उपास केला म्हणे. रेकीतला 'की' म्हणजे आपला प्राणच.

ऊर्जा-बिर्जा वाहते हे विज्ञानाने काही सिद्ध झालेलं नाही, मलाही जाणवली नाही. पण तासभर फोन लांब आणि कपाळावर कुणाचा तरी हात! आई तेल लावायची त्यानंतर आजच. ताई स्वतःच म्हणाल्या, "बीपीची गोळी बंद करायची नाही हं." तिथे त्या मला पटल्या.

येताना सात रस्त्यावर रिक्षावाल्याने वीस रुपये जास्त मागितले. मी गुपचूप दिले. वहिनी अजून माझ्याकडे बघतायत.