रानवही: चौदावा महिना

गेल्या उन्हाळ्यात ठरवलं होतं, वाघाच्या फोटोंची जाडजूड पुस्तकं आता बस. यापुढे फक्त अशी, ज्यात जनावर आहे, माणूसही आहे आणि दोघांचं एकमेकांवाचून किंवा एकमेकांमुळे काहीतरी अडलंय. आजपर्यंत वहीत २९ नोंदी. पुन्हा वाचावीशी वाटलेली पुस्तकं मात्र ७.

नागपुरात बर्डीच्या जुन्या पुस्तकवाल्याकडे "वाघाचं काही आलं का?" विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "वाघाचं नाही न भाऊ, इंजिनिअरिंगचं पायजे तेवढं घेऊन जा." तरी त्याच ढिगात व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' सापडलं. शेवटची चार पानं गायब, ती नंतर वाचनालयात बसून वाचली. डिसेंबरात, अधिवेशनाच्या गर्दीत बसमध्ये वाचत होतो. शेजारच्या काकांनी नाव वाचून विचारलं, "कोणत्या पक्षाचं आहे?" म्हटलं, वानरांचं. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार याच पुस्तकाला. माझ्या नियमात खरं तर बसत नाही, पण ठेवलंय. नियम माझाच आहे.

या महिन्याचं खरं पुस्तक म्हणजे प्रकाश आमटे यांचं 'रानमित्र'. गडचिरोलीतल्या हेमलकशाच्या त्यांच्या प्राण्यांच्या अनाथालयाची सुरुवात कशी झाली ते ऐकून माहीत होतं. शिकारीहून परतणारे माडिया आदिवासी, सोबत मेलेली माकडीण आणि तिला बिलगलेलं जिवंत पिल्लू. पिल्लूही खाण्यासाठीच चाललेलं. आमट्यांनी तांदूळ देऊन ते मागून घेतलं. मी इथेच अडकलो. मारणारे क्रूर नव्हते, भुकेले होते, आणि सौदा अन्नाचाच झाला. अनाथालयामागे दया असणार असं मी धरून चाललो होतो. निघालं पोतं तांदळाचं. पुढे बिबटे, अस्वलं घरच्यासारखी वावरतात, ते वाचताना मजा येते. पण मी तीनदा वाचलं ते हेच पान.

त्यानंतर शिकारी जिम कॉर्बेटचं कुमाऊँच्या नरभक्षक वाघांवरचं १९४४ चं पुस्तक पुन्हा काढलं. चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ माणसं, आणि मेल्यावर तिचे उजवीकडचे सुळे तुटलेले दिसले. जुन्या गोळीने. शाळेत असताना हे वाक्य नजरेतून सुटलं होतं.

मारुती चितमपल्लींचं 'नवेगावबांधचे दिवस' अर्धं झालंय. मुद्दाम हळू वाचतोय. रूकरीला, म्हणजे कावळ्यांच्या घरट्यांच्या वसाहतीला, 'काकागार' आणि हेरॉनरीला, म्हणजे बगळ्यांच्या वसाहतीला, 'सारंगागार' म्हणणारा माणूस घाईत वाचायचा नसतो. शिवाय नवेगावचा तलाव कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेला. म्हणजे ज्या पाण्यावर पक्षी उतरतात ते मुळात धानासाठी अडवलेलं. ही नोंद लाल शाईत केली.

शोधात अजून: इंग्रज अधिकारी जेम्स फोर्सिथचं १८७१ चं मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचं पुस्तक, परवडेल अशा किमतीत. एका दुकानदाराने हो म्हणून दोन महिने झुलवलं आणि शेवटी झेरॉक्स पुढे केली. तीही तिरपी.

वहीच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'तेंदूपत्ता'. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात पहाटे ही विडीची पानं तोडायला जाणाऱ्या बाईने स्वतः सांगितलेलं पुस्तक हवंय. खाली वाकून पानं तोडताना पाठीमागे काय ऐकू येतं, ते तिच्या शब्दांत. मोहफुलं वेचणाऱ्याचं असलं तरी चालेल. कुणाच्या कपाटात असेल तर सांगा, मी गाडी काढून येतो.