मला रिकामीच लागते

मी जिममध्ये ट्रेनर आहे. आमच्याकडे संध्याकाळची बॅच म्हणजे पोरांची. त्यातून आमचं गाव सांगली. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या 55 किलो गटात रौप्यपदक जिंकणारा संकेत सरगर इथलाच, त्यामुळे बारबेलचं वेड इथे भरपूर. सातच्या सुमाराला रॅकपाशी उभं राहायला जागा नसते. अशा गर्दीत त्या मंगळवारी काकू दारात दिसल्या आणि मला धस्स झालं.

काकू साठीच्या उंबरठ्यावरच्या. हाडांची घनता कमी झालीय म्हणून डॉक्टरांनी त्यांना वजनांचे व्यायाम करायला सांगितले होते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि हाडं भराभर विरळ होऊ लागतात. नुसतं चालून भागत नाही, हाडांवर भार यावा लागतो. एवढं सगळं त्यांना पटलेलं होतं. तरी पहिले काही दिवस त्या आल्या की थेट कोपऱ्यातली ट्रेडमिल गाठायच्या. दुपारी जिममध्ये चार बायका असायच्या, तरीही. ‘‘अगं, मला त्यातलं काय कळतंय? सगळे बघतात.’’

‘‘काकू, तुम्हाला जमेल!’’ असं नुसतं ओरडून कुणाला धीर येत नाही, हे माझं ठाम मत आहे. नवखं माणूस घाबरतं ते पिन कुठे घालायची, सीट कशी वर करायची, मशीन अडलेलं असेल तर कुणाला काय म्हणायचं, हे ठाऊक नसतं म्हणून. मी त्यांना एक छोटी वही करायला लावली. पायांनी वजन ढकलायच्या मशीनबद्दल त्यांच्या सुवाच्य अक्षरात त्यात लिहिलेलं असे : ‘लेग प्रेस – पाठ तिसऱ्या खाचेत, पावलं मधोमध, वजन नाही. ढकलताना श्वास सोडायचा.’ श्वासाखाली दोन रेघा, कारण त्यांना बीपीची गोळी चालू आहे आणि श्वास कोंडून जोर लावला की बीपी एकदम चढतं.

डेडलिफ्टला, म्हणजे खालचा बार उचलून सरळ उभं राहण्याच्या व्यायामाला, मात्र वेळ दिला. आधी भिंतीकडे पाठ करून, गुडघे किंचित सैल ठेवून, कंबर मागे नेत भिंतीला टेकवायची. पाठ सरळ. हे अंगात मुरल्यावर बार. बार मोकळाच 20 किलोचा, आणि छोट्या प्लेटा लावल्या की तो जमिनीलगत येतो, नवख्याला फार खाली वाकावं लागतं. मोठ्या प्लेटा 45 सेंटिमीटर व्यासाच्या असतात, त्यामुळे बार नडगीच्या मध्यापर्यंत येतो. म्हणून काकूंसाठी मी दोन्ही बाजूंना ठोकळे रचून बार तेवढ्या उंचीवर आणते. सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद पटापट वाढते. स्नायू एवढ्यात मोठे झालेले नसतात, पण असलेले स्नायू नीट कामाला लावायला मेंदू शिकतो. हे सांगितल्यावर त्या खूश झाल्या होत्या.

तर त्या मंगळवारी घरी पाहुणे होते म्हणून दुपार हुकली होती. दुसरा एक जण बाकावर आडवा होऊन बेंच प्रेस करत होता, त्याचा बार सांभाळत मी उभी, हलता येईना. काकू दारात क्षणभर थांबल्या, पिशवीतून वही काढली, पान उघडलं आणि सरळ लेग प्रेसकडे गेल्या. दोन्ही बाजूंना वीस-वीसच्या प्लेटा तशाच लटकलेल्या. शेजारी हेडफोन लावलेला एक दांडगा पोरगा.

त्यांनी त्याच्या खांद्याला हात लावला. ‘‘बाळा, तुझं झालं का? मग एवढ्या काढून ठेवतोस?’’

त्याने लगेच हेडफोन काढले. ‘‘सॉरी काकू. किती ठेवू?’’

‘‘एकही नको. मला रिकामीच लागते.’’

भरल्या जिममध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मी हे काम बरीच वर्षं करतेय, पण ‘मला रिकामी लागते’ असं इतक्या सहजपणे म्हणणारी माणसं मी फार पाहिली नाहीत. चांगली धट्टीकट्टी पोरं आपल्याला न पेलणारं वजन लावतात, ते केवळ हे वाक्य तोंडातून निघत नाही म्हणून. माझे डोळे भरून आले.

पुढे मी मोकळी झाले आणि डेडलिफ्टसाठी ठोकळे मांडले. बारला दोन्हीकडे पाच-पाच लावले. पाच वेळा उचललं, पाचही वेळा पाठ सरळ. ‘‘किती झालं गं?’’

‘‘तीस किलो. भरलेला गॅस सिलिंडर, काकू. 14.2 किलो गॅस आणि वर टाकीचं वजन.’’

त्या बारकडे बघत राहिल्या. सिलिंडर बदलायचा म्हणजे शेजारच्या मुलाला हाक मारायची, अशी त्यांची आजवरची पद्धत. ‘‘हाक मारायची बंद करू का?’’ मी म्हटलं, एवढ्यात नको. घरी तो ठोकळ्यांवर नसतो, खालून उचलावा लागतो. आधी आपण ठोकळे एकेक करून काढू.

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, गुरुवारी जाऊबाईंना घेऊन आले तर चालेल का? म्हटलं, जरूर आणा, पण आधी त्यांचं बीपी तपासून घ्या.